जड तरते, हलके बुडते!

पाण्यात कोणती वस्तू तरंगते आणि कोणती बुडते, असा प्रश्न एखाद्या लहान मुलास विचारला, तर ते क्षणाचाही विलंब न लावता सांगेल, ‘हलकी तरंगते, जड बुडते.’ हे उत्तर इतके सोपे व सोयीचे आहे की पुष्कळ माणसे जन्मभर त्यावरच समाधान मानून राहतात. परंतु थोडा विचार केला म्हणजे ते लंगडे वाटू लागते. पावसाळ्यात वैनगंगेला पूर आला की चार-चार मणांचे ओंडके लोंढ्याबरोबर वाहत जातात. आणि गुंजभर वजनाची टाचणी मात्र घागरीत टाकताच तळाशी जाऊन बसते. ओंडका टाचणीपेक्षा हलका आहे, असे कोण म्हणेल?

विज्ञानाचे पुस्तक याचे उत्तर देते. नुसते वजन पाहू नका, घनता पाहा, असे ते सांगते. ज्या वस्तूची घनता पाण्यापेक्षा कमी, ती तरंगेल. जिची अधिक, ती बुडेल. हे उत्तर पहिल्यापेक्षा पुष्कळच चांगले आहे आणि परीक्षेत त्याला पूर्ण गुणही मिळतात. परंतु आमच्यापासून फार दूर नसलेल्या एका ठिकाणी रात्रंदिवस एक असे काम चालते, की जे पाहून या दुसऱ्या उत्तराचाही फेरविचार करावा लागतो. ते ठिकाण म्हणजे मलाजखंड.

गोंदियाहून उत्तरेस बालाघाट, आणि बालाघाटहून बैहरमार्गे पुढे गेले म्हणजे मैकलच्या डोंगराळ मुलखात मलाजखंड लागते. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी तो प्रदेश व आमचा प्रदेश एकाच राज्यात मोडत होते. पुढे मधून राज्याची सीमा गेली, तरी नातीगोती, बाजारहाट आणि मराठी बोलणारी घरे या सीमेच्या दोन्ही बाजूंस राहिली. या मलाजखंडच्या भूमीत सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत तांब्याचे खनिज दडलेले आहे. १९६७ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान कॉपर लिमिटेड या सरकारी कंपनीने १९८२ पासून तेथे खाणकाम सुरू केले. देशातील तांब्याची सर्वांत मोठी उघडी खाण म्हणून मलाजखंडने नाव मिळविले, आणि खड्डा जसजसा खोल होत गेला, तसतसे जमिनीखालील खाणकामही हाती घेण्यात आले.

परंतु आमचे लक्ष वेधून घेतले ते खाणीने नव्हे, तर खाणीतून दगड बाहेर आल्यानंतर त्याचे जे होते त्याने. तो दगड पिठासारखा दळतात, पाण्यात कालवतात आणि त्या कालवणात हवा सोडतात. मग त्यातील तांब्याचे खनिज, जे पाण्याच्या चौपटीहून जड आहे, ते फेसावर आरूढ होऊन वर येते. आणि त्या खनिजाहून कितीतरी हलकी असलेली गारगोटी मात्र खाली राहते. जड तरते, हलके बुडते! हे कसे घडते, हे समजून घेण्यासाठी आमच्या विज्ञान मंडळाने यंदा तीन लहान लघुपट तयार केले. त्या लघुपटांत काय दिसते व त्यांतून मलाजखंडचे कोडे कसे उलगडते, ते येथे सांगावयाचे आहे.

लघुपटच का?

प्रयोग करावयाचा तर तो प्रयोगशाळेत करावा, त्याचे चित्रण कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे, की तरंगण्याबुडण्याच्या पुष्कळशा गोष्टी डोळ्यांना पकडता येऊ नयेत इतक्या त्वरेने घडतात. सोड्याच्या पेल्यातील बुडबुडा तळापासून वर येतो, तोवर सेकंददेखील पुरता सरलेला नसतो. साध्या मोबाईलचा कॅमेरा सेकंदाला तीस चित्रे टिपतो. मंदगतीच्या चित्रणात तो एकशेवीस किंवा दोनशेचाळीस टिपतो. ती चित्रे सावकाश दाखविली म्हणजे एका सेकंदाची घटना आठ सेकंद पाहता येते, हवी तेथे थांबवता येते आणि पुन्हा मागे नेता येते.

ही युक्ती महाराष्ट्राला नवी नाही. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा १९१३ सालचा चित्रपट काढण्यापूर्वी, १९१२ साली, कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या वाढीचे चित्रण केले होते. रोपटे दिवसादिवसाने वाढत होते आणि फाळके त्याची चित्रे थोड्याथोड्या अंतराने टिपून ठेवीत होते. पडद्यावर ती एकापाठोपाठ दाखविताच कित्येक दिवसांची वाढ पाहता पाहता डोळ्यांसमोर उभी राहिली. या नव्या उद्योगाला भांडवल पुरविणारांची खात्री पटावी, म्हणून त्यांनी हा लघुपट केला होता. आपल्याकडचा चित्रपट असा एका अंकुरापासून सुरू झाला, ही गोष्ट विज्ञानाच्या विद्यार्थ्याने अवश्य ध्यानात ठेवावी. फाळक्यांनी संथ गोष्ट जलद करून दाखविली. आम्हांला जलद गोष्ट संथ करून पाहावयाची होती, एवढाच काय तो फरक.

पहिला लघुपट : पाणी वर ढकलते

पहिल्या लघुपटात एक गारगोटी दोऱ्याने तानकाट्याला टांगलेली दिसते. तिच्याखाली पाण्याने भरलेले काचेचे भांडे हळूहळू वर आणले जाते. गारगोटी पाण्यात शिरू लागते आणि तानकाट्याचा काटा मागे सरकू लागतो. गारगोटी पुरती बुडेपर्यंत काटा सरकत राहतो. त्यानंतर भांडे आणखी वर आणले तरी तो जागचा हालत नाही. कॅमेऱ्याच्या एकाच चौकटीत गारगोटी व काटा ही दोन्ही ठेवल्यामुळे त्यांचा संबंध कोणाच्याही ध्यानात येतो. गारगोटीचे द्रव्य कमी झालेले नाही. तिला कोणीतरी खालून आधार देत आहे. हा आधार पाण्याचा. त्यालाच प्लावक बल म्हणतात.

पाणी वर का ढकलते? पाण्यात जसजसे खोल जावे, तसतसा दाब वाढतो. बुडालेल्या वस्तूचा तळ तिच्या माथ्याहून अधिक खोल असतो. म्हणून तळाला वर रेटणारा दाब माथ्याला खाली दाबणाऱ्या दाबाहून अधिक भरतो. दहा सेंटिमीटर बाजूचा एक घन पाण्यात बुडालेला आहे असे समजा. त्याच्या तळावरील व माथ्यावरील दाबांतला फरक हिशेबाने काढला, तर पाण्याचा वर ढकलण्याचा जोर बरोबर एक किलोग्रॅम वजनाइतका येतो. आणि त्या घनाच्या जागेत मावणाऱ्या एक लिटर पाण्याचे वजनही तेवढेच असते. वस्तूने जेवढे पाणी बाजूस सारले, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके बल तिला वर ढकलते, हा सिद्धान्त ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या आर्किमिडीजने मांडला. तेवीसशे वर्षांच्या काळात तो एकदाही खोटा ठरलेला नाही.

आता या सिद्धान्ताने गारगोटी तोलून पाहू. गारगोटीचे विशिष्ट गुरुत्व २.६५ आहे, म्हणजे ती तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या २.६५ पट जड असते. १०० घन सेंटिमीटर आकारमानाची गारगोटी हवेत २६५ ग्रॅम भरेल. पाण्यात बुडविली असता ती १०० ग्रॅम पाणी सारील, आणि काटा १६५ ग्रॅम दाखवील. तांब्याच्या खनिजाचा तेवढाच खडा घेतला, तर त्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ४.२ असल्याने तो हवेत ४२० ग्रॅम व पाण्यात ३२० ग्रॅम भरेल. पाण्याने दोघांनाही सारखाच, शंभर ग्रॅमांचा, हात दिला. परंतु तो कोणालाच पुरला नाही. नुसत्या पाण्यात टाकले असता ही दोन्ही बुडतील, आणि खनिज अधिक वेगाने बुडेल.

याच लघुपटाच्या शेवटी एक अंडे आहे. ते साध्या पाण्यात तळाशी बसते. पाण्यात मीठ विरघळवीत गेले, की एका क्षणी ते तळ सोडते. ताज्या अंड्याची घनता पाण्याहून थोडीच अधिक, १.०८ च्या आसपास असते; म्हणून लिटरभर पाण्यात साधारण सव्वाशे ग्रॅम मीठ घातले की काम होते. अंडे तेच राहिले, बदलले ते पाणी. म्हणजे अंडे ‘तरंगणारे’ की ‘बुडणारे’, या प्रश्नाला नुसत्या अंड्याकडे पाहून उत्तर देता येत नाही, हे पहिल्याच लघुपटात सिद्ध झाले.

दुसरा लघुपट : आकाराची किमया

दुसऱ्या लघुपटातील नायक मेणमातीचा एक गोळा आहे. तो पाण्यात टाकला की बुडतो. तो बाहेर काढून, त्यात कणभरही भर न घालता, बोटांनी दाबून त्याची वाटीसारखी नाव केली, की तोच पाण्यावर डुलू लागतो. वजन तेच, द्रव्य तेच. मग घडले काय? गोळा असताना तो थोडे पाणी सारीत होता. नाव झाल्यावर तिच्या पोकळीतील हवेची जागाही पाण्याला सोडावी लागली. शंभर ग्रॅमांची नाव शंभर ग्रॅम पाणी बाजूस सारीपर्यंत खाली जाते आणि तेथे थांबते. त्या क्षणी वजन व आधार यांची फिटंफाट होते.

लोखंडाचे जहाज समुद्रावर तरते ते याच न्यायाने. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे भारतीय नौदलात दाखल झालेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका पूर्ण भारासह चाळीस हजारांहून अधिक टन वजनाची आहे. आणि ती जेथे उभी असते, तेथे तितक्याच टनांचे पाणी तिच्यासाठी बाजूस सरलेले असते. वैनगंगेतील कोळ्याचा डोंगा व ही प्रचंड युद्धनौका यांचा कायदा एकच आहे.

या लघुपटाचा उत्तरार्ध सर्वांनी दोनदा पाहावा अशी आमची विनंती आहे. मेणमातीच्या नावेत काचेच्या गोट्या एकेक करून ठेवल्या जातात. प्रत्येक गोटीबरोबर नाव थोडी खाली जाते, आणि तिचा काठ पाण्याच्या जवळ येतो. गोट्या मधोमध ठेवल्या, तर नाव पुष्कळ भार सोसते. परंतु त्याच गोट्या एका बाजूस ठेवल्या, तर त्याहून पुष्कळ कमी भाराने ती कलते, खालचा काठ पाण्याखाली जातो, पाणी आत शिरते, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सारे संपते. मंदगतीने पाहिले म्हणजे कळते, की पाणी शिरण्याची सुरुवात व नाव दिसेनाशी होणे यांत सावरण्याइतका अवकाशच नसतो. नदीकाठच्या गावांतून आजही माणसे डोंग्याने ये-जा करतात. डोंगा पाण्याच्या वर किती उरला आहे ते पाहावे, प्रवाहात असता उठून उभे राहू नये, सर्वांनी एका कडेला झुकू नये, असे वडीलमाणसे सांगतात. ती नुसती भीती नव्हे; त्यांच्या सांगण्यात आर्किमिडीजचा सिद्धान्तच असतो.

तिसरा लघुपट : बुडबुड्यांची पालखी

येथवर पाणी व आकार यांचे काम दिसले. परंतु मलाजखंडच्या दळलेल्या खनिजाला नावेचा आकार नाही, आणि तेथील पाण्यात अंडे तरावे इतके मीठही नाही. तेव्हा तेथे तिसराच कोणी साहाय्यक असला पाहिजे. त्याची ओळख करून देण्यासाठी तिसरा लघुपट आहे.

काचेच्या पेल्यात थंड सोडा ओतून त्यात एक बेदाणा व त्याच आकाराचा एक गुळगुळीत खडा टाकला आहे. दोन्ही तळाशी जातात. मग बेदाण्याच्या सुरकुत्यांतून बारीक बुडबुडे जमू लागतात. एक, दोन, दहा, वीस. आणि बेदाणा हलतो, तळ सोडतो, डुलत डुलत वर येतो. पृष्ठभागाशी आल्यावर बुडबुडे फुटतात, बेदाणा पुन्हा खाली जातो, आणि हा खेळ सोड्यातील वायू संपेपर्यंत चालतो. खड्यावरही काही बुडबुडे बसतात. परंतु त्याला उचलण्यास ते पुरत नाहीत. बेदाणा एकटा पाण्याहून जड आहे, पण बेदाणा व त्याला बिलगलेले बुडबुडे मिळून जो जोडपदार्थ होतो, तो पाण्याहून हलका आहे. एकट्याला न साधणारे काम सोबतीने साधले.

परंतु बुडबुडा कोणाला बिलगतो आणि कोणाला नाही? या प्रश्नाचे उत्तर आपल्या भाषेत फार दिवसांपासून आहे. क्षणभंगुर गोष्टीला आपण ‘अळवावरचे पाणी’ म्हणतो. अळूच्या पानावर पाणी पसरत नाही; त्याचा थेंब होऊन घरंगळतो. त्या पानाला पाण्याचे वावडे आहे. याउलट स्वच्छ काचेवर पाणी पसरते, कारण काचेला पाणी प्रिय आहे. पहिल्या जातीच्या पृष्ठभागांना जलविरोधी व दुसऱ्या जातीच्यांना जलस्नेही म्हणतात. आता अळूचे पान पाण्यात बुडवून पाहा. पानावर चांदीसारखी चकाकी दिसते. ती पानाला धरून राहिलेल्या हवेच्या पातळ थराची असते. ज्याला पाणी नको असते, त्याला हवा हवी असते, हे या कोड्याचे मर्म आहे.

लघुपटाच्या अखेरीस हेच हळदीच्या पुडीने दाखविले आहे. स्थिर पाण्यावर हळद अलगद भुरभुरली, तर ती वरच राहते, कारण कोरडे कण सहजासहजी भिजत नाहीत आणि पाण्याचा पृष्ठताण त्यांना तोलून धरतो. साबणाच्या पाण्यात बुडविलेली काडी मध्ये टेकवताच हळद कडांकडे पळते, भिजू लागते आणि तिचे कण खाली उतरू लागतात. साबणाने हळदीचे वजन वाढविले नाही. त्याने तिची व पाण्याची ओळख करून दिली. कणाच्या पृष्ठभागाचा स्वभाव बदलला म्हणजे कणाचे भवितव्य बदलते. आता आपण मलाजखंडला जाण्यास सिद्ध झालो.

मलाजखंडचे फेनतरण

मलाजखंडच्या दगडात तांबे फार थोडे आहे. शंभर किलो दगडात साधारण एक किलो. ते शुद्ध तांब्याच्या रूपात नसून मुख्यतः चाल्कोपायराइट या पितळी रंगाच्या खनिजात, लोखंड व गंधक यांच्या संगतीत असते. वैद्यकातील सुवर्णमाक्षिक ते हेच. उरलेला बहुतेक दगड म्हणजे गारगोटी व तिचे भाईबंद. हा सारा दगड तसाच भट्टीत घातला, तर एका किलो तांब्यासाठी नव्याण्णव किलो निरुपयोगी दगड तापवून वितळवावा लागेल. तेवढे इंधन कोणास परवडावे? म्हणून भट्टीपूर्वी निवड करावी लागते. धान्य आणि खडे वेगळे करण्यासाठी आपण सूप वापरतो. येथे सुपाचे काम फेस करतो. या रीतीला फेनतरण म्हणतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथील खाणींत ती मोठ्या प्रमाणावर यशस्वी झाली, आणि तेथून जगभर पसरली.

प्रथम दगड फोडून चक्क्यांत ओला दळतात. दळण इतके बारीक असते, की बहुतेक कण मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून लहान होतात. याची दोन कारणे आहेत. एक तर खनिज व गारगोटी एकमेकांत गुंतलेली असतात. ती सुटी झाल्यावाचून निवड कशाची करणार? दुसरे कारण बुडबुड्याच्या ताकदीचे. कण मोठा होत जातो तसे त्याचे वजन झपाट्याने वाढते. जाडी दुप्पट झाली की वजन आठपट होते. पण बुडबुडा त्याला ज्या कडेने धरतो ती कड दुपटीनेच वाढते. म्हणून मोठा कण बुडबुड्याच्या हातून निसटतो आणि लहान कण टिकतो.

हा हिशेब वाचकांनी स्वतः करून पाहावा. खनिजाचा ०.१ मिलिमीटर व्यासाचा गोल कण घ्या. तो पाण्याच्या ४.२ पट जड. त्यातील एक भार पाणीच सोसते, उरतो ३.२ पट. तेव्हा कणाच्या आकारमानाच्या ३.२ पट हवा त्याला जोडली, की तो बरोबर तोलला जातो. एक मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्याचे आकारमान अशा कणाच्या हजारपट असते. म्हणजे एक बुडबुडा हिशेबाने सुमारे तीनशे कणांची पालखी उचलू शकतो! प्रत्यक्षात इतके कण त्याला मिळतीलच असे नाही. पण ताकदीची उणीव नाही, हे निश्चित.

आता प्रश्न उरला निवडीचा. गारगोटीचा कण तर खनिजाहून हलका. त्याला उचलणे बुडबुड्याला अधिकच सोपे. मग तो का वर येत नाही? कारण गारगोटी जलस्नेही आहे. ती पाण्याने सर्वांगी भिजते आणि बुडबुड्याला अंगाला लागू देत नाही. खनिजाच्या कणाला मात्र मुद्दाम जलविरोधी केले जाते. त्यासाठी कालवणात झँथेटसारखे रसायन अगदी थोड्या प्रमाणात घालतात. त्याच्या रेणूचे एक टोक गंधकयुक्त खनिजाला घट्ट धरते, आणि तेलासारखे दुसरे टोक पाण्याकडे पाठ फिरवून बाहेर राहते. असे असंख्य रेणू चिकटले, की खनिजाचा कण जणू अळूचे पान होतो. गारगोटीला हे रसायन धरत नाही; ती आपली भिजलेलीच राहते. लोखंड व गंधक यांचे पायराइट नावाचे दुसरे खनिजही अशा वेळी वर येऊ पाहते. चुना घालून पाणी अल्कधर्मी केले, म्हणजे त्याला मागे ठेवता येते. शेवटी, फेस लवकर फुटू नये म्हणून चीडाच्या तेलासारखा एखादा फेसकारक पदार्थ घालतात.

मग मोठ्या हौदांत हे कालवण घुसळतात व त्यात हवा सोडतात. असंख्य बुडबुडे वर निघतात. वाटेत जो पाणी टाळणारा कण भेटेल त्याला ते उचलून घेतात, आणि जो भिजलेला आहे त्याला सोडून देतात. वर चकाकणाऱ्या खनिजाने भरलेल्या फेसाची साय जमते. ती काठावरून वाहून पन्हळीत पडते. तिच्यावर हेच संस्कार पुन्हा पुन्हा करून, पाणी काढून टाकले, म्हणजे जो माल हाती येतो, त्यात तांबे सुमारे पाव भागापर्यंत असते. तो पुढे भट्टीकडे जातो. ज्या तारेतून आपल्या घरात वीज येते, तिच्यातील तांबे अशा एखाद्या फेसावर बसून आलेले असू शकते.

जे बुडाले त्याचे काय?

फेसावर आले त्याचे कौतुक झाले. परंतु खाली राहिले त्याचाही हिशेब द्यावा लागतो. शंभर टन दगडात एक टन तांबे असेल, आणि तयार मालात तांबे पाव भाग असेल, तर तयार माल भरला सुमारे चार टन. म्हणजे शहाण्णव टन बारीक गाळ मागे उरला. हा गाळ पाण्यासह वाहून नेऊन बांधाआड साठवावा लागतो, त्यातील पाणी परत घेऊन पुन्हा वापरावे लागते, आणि खाण बंद पडल्यावरही त्या बांधाची निगा राखावी लागते. कारण गाळात राहिलेली गंधकयुक्त खनिजे हवा व पाणी यांच्या संगतीने आम्ल तयार करू शकतात. फेसाने आपले खूप मोठे काम सोपे केले. पण त्याने मागे ठेवलेला भार उचलण्याचे काम मात्र माणसानेच करावयाचे आहे. तांब्याची तार वापरणाऱ्या प्रत्येकाने हे शहाण्णव टन एकदा तरी मनाशी तोलून पाहावेत.

लघुपट करू इच्छिणारांस

पुढील वर्षी ज्या विद्यार्थ्यांना असे लघुपट करावयाचे असतील, त्यांच्यासाठी चार सूचना. कॅमेरा हातात न धरता एखाद्या घडवंचीवर किंवा पुस्तकांच्या चवडीवर पक्का बसवावा. पेल्याच्या मागे काळा कागद व बाजूस मोजपट्टी ठेवावी; म्हणजे बुडबुडे उठून दिसतात आणि मोजताही येतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी; मीठ व अंडे दोन्ही एकदम बदलले, तर काय कशामुळे घडले हे सांगता येणार नाही. चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची: प्रयोगाचा मुख्य भाग एका सलग चित्रणात, मध्ये कोठेही न तोडता दाखवावा. चित्रपटात कात्रीने चमत्कार करता येतात. विज्ञानाच्या लघुपटात कात्री चालली, की पाहणाराचा विश्वास उडतो. जे घडले ते घडले तसे दाखविणे, यातच त्याची सारी शोभा आहे.

तीन लघुपटांतून व मलाजखंडच्या फेसातून जे आम्हांला समजले, ते एका वाक्यात सांगता येईल. तरणे हा वस्तूचा एकटीचा गुण नव्हे. अंडे पाण्यातील मिठावर तरले, मेणमाती आपल्या आकारावर तरली, आणि चौपट जड खनिज बुडबुड्याच्या सोबतीवर तरले. म्हणून कोणतीही वस्तू पाहिली, की ‘ही जड की हलकी?’ एवढेच विचारून थांबू नये. ती कशात आहे, किती जागा व्यापते आणि तिला कोण बिलगले आहे, हेही विचारावे.

आता वाचकांसाठी एक प्रश्न. बादलीत एक लहानशी वाटी तरंगत आहे आणि वाटीत एक गारगोटी आहे. बादलीतील पाण्याच्या पातळीवर खूण करा. गारगोटी वाटीतून काढून बादलीतील पाण्यात सोडा. पाण्याची पातळी वाढेल, उतरेल की तीच राहील? आधी कागदावर उत्तर लिहा, कारणही लिहा, आणि मग बादली भरा. उत्तर आम्ही येथे छापत नाही. ते पाणीच सांगेल.